एकाच वाचकासाठी मथळा

माझी बायको दुसऱ्याचं वाचते, हे मला कळलं ते ऑफिसात, चहा पिताना, आणि तेही तन्वीरच्या तोंडून.

तन्वीर मुजावर आमच्या बातम्यांच्या पोर्टलचा यंत्रवाला. ‘ओढ’ नावाचं मथळे लिहिणारं यंत्र कोल्हापुरात आणलं ते त्यानंच. त्याच्या-माझ्यात भांडण नव्हतं, पण मी गेली कितीतरी वर्षं मथळे लिहून पोट भरतो आणि त्याचं यंत्र तेच काम पापणी लवायच्या आत करतं, तेव्हा प्रेम असायचंही कारण नव्हतं. तो मात्र मला मनापासून ‘रणजितदादा’ म्हणायचा आणि स्वतःच्या पैशानं चहा पाजायचा. असल्या माणसाचा राग करणं फार कष्टाचं असतं.

त्या दिवशी त्यानं मला ‘वाचक-खिडकी’ दाखवायला घेतली. “कुठलाही एक नंबर सांगा दादा, त्या वाचकाला काय काय दिसलं आणि त्यानं काय उघडलं ते दाखवतो.”

मला एकच नंबर तोंडपाठ आहे. मी वृषालीचा सांगितला.

पडदा भरून मथळे आले. अर्ध्या बातम्यांना माझे मथळे जात होते आणि अर्ध्यांना ओढचे; तीन महिने तुलना करायची आणि मग डेस्कवर माणसं ठेवायची की नाही ते ठरवायचं, असा आमच्या संपादक साळोखे मॅडमचा हुकूम होता. वाचकानं उघडलेला मथळा हिरवा दिसतो, न उघडलेला राखाडी. वृषालीच्या खिडकीत ओढचे मथळे म्हणजे हिरवंगार उसाचं रान होतं. माझा एकूण एक मथळा राखाडी.

“मागं जा,” मी म्हणालो. तन्वीर मागं गेला. ओढ यायच्या आधीचं वर्ष, त्याच्या आधीचं वर्ष. राखाडी, राखाडी, राखाडी.

“या वाचकाला तुमचं वावडं आहे दादा,” तन्वीर हसून म्हणाला. नंबर कुणाचा ते त्याला ठाऊक नव्हतं. मीही हसलो.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते मला मान्य होतं. पण निदान घरच्यांनी चव तरी घ्यावी.

ओढ काय करायचं ते इथंच सांगून टाकतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं ॲप जाहिरातींशिवाय हवं असेल तर फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला परवानगी द्यावी लागे. सगळ्यांनी दिली होती. जाहिरातींना लोक एवढे कंटाळलेले होते. मग तो कॅमेरा वाचणाऱ्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघायचा. मन कशात अडकलं की बाहुली किंचित मोठी होते. उजेडानं होणारा फरक वजा केला, वर सरकणारा अंगठा कुठं रेंगाळला ते जोडलं, की माणूस कशावर थांबतो ते कळतं. तन्वीर म्हणायचा, कुतूहल म्हणजे खाज. जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक असायला हवं असं वाटतं, त्यांच्यात बेताची फट ठेवायची. फट फार लहान झाली तर खाज सुटत नाही, फार मोठी झाली तर माणूस ‘जाऊ दे’ म्हणतो. प्रत्येकाची फट वेगळी. ओढ ती मोजायचं आणि एकाच बातमीला हजार वाचकांसाठी हजार मथळे शिवायचं.

एखादा मथळा कुणाला लागू पडला की ओढ तो त्याच्यासारख्याच मनाच्या बाकी वाचकांनाही धाडायचं. अशा वाचकांच्या घोळक्याला तन्वीर ‘गोत’ म्हणायचा. “चांगली वस्तू ते एकट्याला ठेवत नाही,” तो कौतुकानं सांगायचा.

“म्हणजे माणसाला काय आवडतं ते यंत्राला कळतं,” मी म्हणालो होतो.

“नाही दादा. माणूस थांबला एवढं कळतं. का थांबला ते नाही. बाहुली वाघ बघूनही मोठी होते आणि माहेरचा माणूस बघूनही.”

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. सोडलं नसतं तर ही गोष्टच झाली नसती.

माझी शाळा निराळी. छापील पेपर होता तेव्हा इनामदारकाकांच्या हाताखाली मी मथळे शिकलो. काका म्हणायचे, मथळा म्हणजे पत्ता. वाचणाऱ्याला घरी पोचवायचं, गल्लीबोळांतून फिरवायचं नाही. कोण, कुठं, कधी, सगळं वरच सांगायचं. पाइपलाइन फुटली तर ‘उद्या ई वॉर्डात पाणी नाही’ एवढं लिहायचं आणि गप्प बसायचं. ओढ त्याच बातमीला एखाद्या आजोबांसाठी लिहायचं, ‘उद्या सकाळी नळ सोडल्यावर तुमच्या गल्लीला काय कळणार?’ आणि आजोबा धावत उघडायचे. मला ते लबाडीचं वाटायचं. पण माझी स्वतःची बायको त्या लबाडीवर भाळली होती.

संध्याकाळी वृषाली सोफ्यावर पाय वर घेऊन फोन बघत होती. ती शाळेत चित्रकला शिकवते. नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग असतो. मी समोर बसून तिच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. अंगठा सरकत होता, थांबत होता. पुन्हा सरकत होता.

“काय बघालायस?” ती म्हणाली.

“काही नाही. आमच्या बातम्या वाचतेस काय गं?”

“वाचते की.”

“माझ्या?”

“तुझ्याच की. दुसऱ्या कुणाच्या वाचणार?”

इतक्या सहज खोटं बोलली की मी बघतच राहिलो. मग परीक्षा घ्यायची म्हणून विचारलं, “टोलचं काय झालं सांग बघू.”

“सोमवारपासून बंद. दुचाकीला आधीच नव्हता,” ती फोनमधून मान वर न करता म्हणाली.

बरोबर होतं. पण टोलची बातमी माझ्या मथळ्यानं गेली होती आणि तिनं ती उघडलेली नव्हती. मी दुपारीच खिडकीत बघितलं होतं. मग हे हिला सांगितलं कुणी? मला एक नावही सापडलं. बागल.

वृषाली दोन महिन्यांपासून पोहायला शिकत होती. बेचाळिसाव्या वर्षी, सकाळी सकाळी, तलावावर. शिकवणाऱ्याचं नाव बागल. “बागल म्हणतात मला पाण्याची भीतीच नाही,” असं ती एकदा ओले केस पुसत म्हणाली होती. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. आता ते वाक्य परत आलं आणि मुक्कामालाच राहिलं.

त्यानंतर मी ऑफिस सुटल्यावर थांबायला लागलो. डेस्क रिकामं झालं की वाचक-खिडकी उघडायची, वृषालीचा नंबर घालायचा आणि दिवसभरात यंत्रानं तिला काय काय विचारलं ते वाचत बसायचं. घरच्यांचे नंबर बघायचे नाहीत असा नियम होता. पण दुसऱ्याच्या हातात बायकोचं मन असताना नियम कोण पाळतो?

पोहण्याच्या तलावाचा पंप बदलणार, एवढीच बातमी होती. तिला गेलेला मथळा, ‘चाळिशीनंतर पोहायला शिकणाऱ्या बायका घरी काय सांगत नाहीत?’ हिरवा. गव्हाचे भाव उतरले, त्याला, ‘डब्यात दोन चपात्या उरल्या आणि तिला सगळं कळलं’. हिरवा. जुने लॅपटॉप जमा करायची मोहीम, त्याला, ‘रोज उशिरा येणारा नवरा टेबलावर काय विसरून गेला?’ हिरवा, आणि त्यावर ती इतका वेळ थांबली होती की ओढनं दुसऱ्या दिवशी तसलेच आणखी पाच दिले. तेही हिरवे. आठवडाभरात तिच्या फोनवर उशिरा येणारे नवरे, न विचारलेले प्रश्न आणि दडवलेल्या भेटी यांशिवाय काही उरलंच नाही. बातम्या त्याच होत्या, गटारांच्या आणि बसगाड्यांच्या.

मी त्याचा अर्थ लावला. नवरा उशिरा येतो याची मोजदाद कोण ठेवतं? जिला तेवढा वेळ मोकळा हवा असतो ती. दडवलेल्या भेटींवर कुणाचा अंगठा थांबतो? जी दडवून भेटते तिचा. कावीळ झाल्यावर सगळं पिवळं दिसतं, हे दुसऱ्याला सांगायला सोपं असतं.

जळफळाट नक्की कुणावर होत होता ते मलाही नीट सांगता आलं नसतं. बागलवर होता, हे खरं. पण त्याहून जास्त त्या यंत्रावर होता. सोळा वर्षांच्या संसारात वृषालीला काय खुपतं ते मला कळलं नव्हतं, आणि त्यानं ते आठवड्यात शोधून काढलं होतं. मी तिला एखादी साडी आणली तर ती “बरी आहे” म्हणायची. त्याच्या एकेका ओळीवर तिचे डोळे मोठे व्हायचे आणि त्याचा आलेखसुद्धा माझ्यासमोर होता.

घरी आमचं बोलणं कमी होत गेलं. मी उशिरा जायचो, ती जेवण झाकून ठेवायची. “काम वाढलंय काय रे?” तिनं एकदा विचारलं. “वाढलंय,” मी म्हणालो. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मला वाटलं, अंदाज घेतेय.

मग मी ठरवलं की एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा.

ओढमध्ये ‘हातचा मथळा’ अशी सोय होती. संपादकाला एखादा मथळा आजमावायचा असेल तर तो स्वतः लिहून एकाच वाचकाला पाठवता येई. साळोखे मॅडमच्या गैरहजेरीत तो अधिकार माझ्याकडे असायचा. त्या दिवशी मॅडम सांगलीला गेल्या होत्या, आणि आमच्याकडे एक किरकोळ बातमी होती: टेकडीवरच्या बागेतले बंद पडलेले दिवे संध्याकाळी पुन्हा सुरू होणार. सगळ्यांसाठी मी लिहिलं, ‘टेकडीच्या बागेत आज सहापासून पुन्हा दिवे’. वृषालीसाठी वेगळा लिहिला. यंत्रासारखा लिहायचा म्हणून बराच वेळ घासूनपुसून लिहिला.

‘आज सहा वाजता टेकडीच्या बागेत, पाण्याच्या टाकीजवळ ये, असा निरोप त्यानं कुणाला धाडला?’

हिशेब सरळ होता. जिचं कुणी नाही ती हे वाचून पुढं सरकेल. जिचं आहे तिला वाटेल की निरोप आपल्यालाच आहे, आणि ती येईल. मी मथळा सोडला आणि खिडकीसमोर बसलो. शाळेची मधली सुट्टी झाली असावी. मथळा हिरवा झाला.

सोळा वर्षांत तिनं उघडलेला माझा पहिला मथळा. मला आनंद झाला. खुर्चीत सरळ बसण्याइतका आनंद झाला. आणि मग तिनं तो का उघडला असेल ते आठवलं आणि मी खिडकी बंद केली.

डिसेंबर होता. सहाला अंधार पडतो. मी पावणेसहालाच टाकीच्या मागच्या अंगाला जाऊन उभा राहिलो. बागेत शुकशुकाट असेल असं वाटलं होतं, पण माणसं यायला लागली. एकेकटी. एक गृहस्थ हेल्मेट न काढताच चाफ्याखाली उभे राहिले. एक बाई भाजीची पिशवी घेऊन बाकाच्या टोकाला बसल्या, पण नजर वाटेवर. आणखी कुणी, आणखी कुणी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. लोकांना दिव्यांचं एवढं वेड कधीपासून लागलं, असं मनाशी म्हणून मी वैतागलो. या गर्दीत बागलला ओळखणार कसं?

वृषाली शाळेच्या कपड्यांतच आली. सरळ टाकीकडं चालत आली, टाकीला वळसा घातला, पलीकडं डोकावली, मग इकडं वळली आणि मला बघून थांबली.

“एकटाच आहेस?” ती म्हणाली.

“तू कुणाला शोधालीयस?”

“तुला. आणि जिला बोलावलंयस तिला.”

“मी कुणाला बोलावणार?”

“ते तूच सांग. मथळा तुझा आहे रणजित.”

“कशावरून? ओढचाही असेल.”

“यंत्र कधी पत्ता देतं काय? ‘एका संध्याकाळी, एका बागेत’ म्हणून सोडून देतं. तू सहा वाजता म्हणालास, बाग म्हणालास, वर टाकीसुद्धा सांगितलीस. जन्मात तुझ्याच्यानं काही लपवून लिहिणं व्हायचं नाही.” “म्हटलं, कुणाला तरी धाडायचा होता, चुकून माझ्या फोनवर आला. म्हटलं, चला, बघून तरी येऊ.”

“तुला माझे मथळे ओळखू येतात?”

“सोळा वर्षं वाचालेय. ओळखू नाही येणार?”

“एकसुद्धा कधी उघडला नाहीस.”

“उघडायचं कशाला?” ती खरोखरच चकित होऊन म्हणाली. “तुझ्या मथळ्यात सगळं असतंय की. पाणी कधी नाही, टोल कधी बंद. वाचलं की झालं. खाली आणि काय असणार? उघडायचं ते, ज्यात कुणीतरी काहीतरी दडवलंय.”

मी खाली बघितलं. एवढे दिवस ज्या राखाडी रंगानं मला खाल्लं, तो रंग म्हणजे तिचा विश्वास होता, आणि तो मोजायची सोय कुठल्याच खिडकीत नव्हती.

“मग ओढचे का उघडतेस?”

“उघडते आणि शिव्या घालते. खाली काही नसतंच, गव्हाचे भाव असतात. तरी पुढचा उघडते.” ती टाकीमागच्या बाकावर बसली. “तू आठला यायचास, तो दहाला यायला लागलास. विचारलं तर ‘काम वाढलंय’. माझ्याकडं चोरून बघायचास. आणि फोन उघडला की तोच प्रश्न. उशिरा येणाऱ्या नवऱ्यानं काय लपवलं? मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं रे, तरी त्याला कळलं. मला वाटायला लागलं, याला कळलंय म्हणजे काहीतरी असणारच.”

वाघ बघूनही बाहुली मोठी होते. तन्वीरनं सांगितलं होतं. ती भिऊन थांबत होती, यंत्र आणखी भीती देत होतं, ती भीती मी ऑफिसात बसून तिच्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून वाचत होतो, आणि ती वाचायला बसल्यामुळंच घरी उशिरा जात होतो.

“आणि बागल?” माझ्या तोंडून गेलंच.

“बागलांचं काय?”

“पोहायला जातेस ते.”

मग तिला कळलं. “पाण्यात फोन नेता येत नाही,” ती म्हणाली. “तासभर डोक्यात कुणी प्रश्न घालत नाही. म्हणून जाते.” आणि मग, “बागल दिसायला बरे आहेत की. तू विचारेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

तेवढ्यात दिवे लागले.

सगळे एकदम लागले, आणि टाकीभोवती उभ्या असलेल्या तीस-चाळीस माणसांची तोंडं लख्ख दिसली. चाफ्याखालच्या गृहस्थांनी हेल्मेट काढलं. भाजीच्या पिशवीवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. दोघं एकमेकांकडं बघत होते आणि बाई हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही खरंच आलात.” ते म्हणाले, “मी तर तू येतेस काय ते बघायला आलोय.” पलीकडं आणखी कुणीतरी कुणाचं तरी मनगट धरलं होतं. एक बाई एकट्याच उभ्या होत्या, त्यांचं कुणी आलेलं नव्हतं, आणि त्या वाटेवरून नजर हलवत नव्हत्या.

माझा फोन वाजला. तन्वीर. “दादा, जिंकलात तुम्ही. हातचा मथळा धाडला होता ना दुपारी? लागू पडला म्हणून ओढनं तो अख्ख्या गोतात सोडला. आजवर एवढा कुठलाच उघडला गेला नाही. मॅडमना फोन केलाय मी. दादा?”

मी फोन बंद केला. वृषालीच्या गोतात शहरातले किती नवरे-बायका असतील ते मला विचारायचं नव्हतं. मी एकीसाठी सापळा लावला होता आणि यंत्रानं तो गावजेवणासारखा वाढला होता.

वृषालीच्या मांडीवरचा फोन उजळला. मला उलटा दिसत होता, पण मथळे उलटे वाचायची माझी छापखान्यापासूनची सवय आहे. ‘टाकीजवळ भेटलेल्या नवऱ्यानं बायकोला अजून काय सांगितलं नाही?’ खाली दिव्यांचीच बातमी असणार. तिचा अंगठा त्या ओळीवर जाऊन थांबला आणि माझा पुन्हा तोच जळफळाट झाला, या क्षणीही, इतकं सगळं झाल्यावरही. मी समोर उभा असताना ती यंत्राला विचारणार होती.

तिनं फोन पालथा करून बाकावर ठेवला.

“तूच सांग,” ती म्हणाली.

मी सांगितलं. वाचक-खिडकी सांगितली, राखाडी मथळे सांगितले, रोज संध्याकाळी डेस्कवर बसून तिचं काय काय वाचलं ते सांगितलं. बागल सांगितले. सापळा कुणासाठी होता ते सांगितलं. कोण, कुठं, कधी, सगळं. ती रागावली, मध्येच उठून चार पावलं गेली, परत येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मी थांबलो. सांगण्यासारखं होतं ते संपलं होतं.

“आणि?” ती म्हणाली.

माझ्या कुठल्याही मथळ्यापुढं तिनं कधी असं विचारलं नव्हतं. मग मी तेही सांगितलं, की दुपारी तो मथळा हिरवा झाला तेव्हा ती कुणाला भेटायला निघाली असेल हे मनात यायच्या आधी मला आनंद झाला होता.